जिन्याखालची हजेरी

खिशात गोटी घेऊन फिरणारा सरकारी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. काचेची, आत हिरवी रेघ असलेली, लहानपणी आपण खेळायचो तसली गोटी. शर्टाच्या वरच्या खिशात, पेन आणि चष्म्याचं घर यांच्या मधोमध. आणि हे गृहस्थ कोण, तर आमच्या ऑफिसच्या मार्केट विभागाचे हेडक्लार्क! कुठलं ऑफिस ते विचारू नका. कल्याण सोडलं की पुढे कुठंतरी आहे असं समजा. मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. तर काकांना कुठंही रॅम्प दिसला, म्हणजे व्हीलचेअर चढवायचा उतार हो, की ते भर रस्त्यात गुडघे टेकायचे, गोटी वरच्या टोकाला ठेवायचे, बोट उचलायचे आणि मोठ्यानं मोजायला लागायचे. एक... दोन... तीनच्या आत गोटी खाली आली की उठून पॅन्ट झटकायचे. "नापास! इथनं व्हीलचेअर नाही, रॉकेट जाईल."

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका बँकेबाहेर त्यांनी हा प्रयोग केला तेव्हा गोटी गेली ती थेट उभ्या स्कूटरच्या खाली. वॉचमन धावत आला. त्याला वाटलं, काहीतरी पेरतोय हा म्हातारा. काका त्यालाच म्हणाले, "उभा काय राहतोस? वाक, शोध!" आणि तो बिचारा खरंच वाकला. पाठोपाठ मॅनेजर बाहेर आला, तोही वाकला. पाच मिनिटं तिघंही स्कूटरखाली डोकं घालून. मी लांब पाणीपुरीच्या गाडीजवळ उभी राहून, मी यांच्याबरोबर नाही, असा चेहरा केला होता.

माझ्या लग्नात तर कहर केला. बदलापूरचा हॉल, स्टेजवर आम्ही दोघं घामाघूम, रांग लागलेली. काका पाकीट हातात घेऊन आले ते स्टेजच्या उतारापाशी थांबले. मी मनात म्हटलं, काका, आज नको, हात जोडते. पण ऐकतील तर शपथ! गोटी सुटली, फोटोग्राफरच्या पायाखालून गेली. मग काका वर आले, आमच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखानं संसार करा. स्टेजचा उतार नापास आहे." माझा नवरा अजून विचारतो, तो माणूस नक्की कोणाकडचा होता म्हणून.

लोक त्यांना हमखास एक प्रश्न विचारायचे. हळू आवाजात, सांत्वनाचा चेहरा करून. "घरात कोणी... तसं आहे का तुमच्या?" बस्स! काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "का? घरात कोणी असायलाच पाहिजे का? घर जळालेलं असेल तरच माणसानं फायर ब्रिगेडमध्ये भरती व्हायचं का? कायद्यानं सांगितलंय आपल्या ऑफिसला, की सगळ्यांना सारखं आत येता आलं पाहिजे. सगळ्यांना! मी त्या ऑफिसचा पगार घेतो. संपला विषय." आणि मग टेबलावर बोट आपटून त्यांचं ठरलेलं वाक्य, "मेहरबानी नाही. ड्युटी!"

हे वाक्य मी पहिल्याच दिवशी ऐकलं. वडील गेल्यावर त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं होतं. वय बावीस, कोणाशी बोलायची भीती. दुपारी शिपायाला विचारलं, लेडीज टॉयलेट कुठंय? तो म्हणाला, आहे ना, पण त्यात जुन्या फायली आहेत. बायका मग काय करतात? तो म्हणाला, स्टेशनसमोरच्या हॉटेलात जातात. मी तशीच खाली मान घालून निघाले, तर मागून आवाज आला, "मॅडम, थांबा!" काकांनी बाह्या सरसावल्या आणि एकट्यानं त्या फायलींचे गठ्ठे उचलून नेले. कुठे? साहेबांच्या केबिनमध्ये! साहेब मीटिंगला गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या खुर्चीवरसुद्धा गठ्ठा होता. संध्याकाळपर्यंत फायलींना जागा मिळाली आणि आम्हांला कडी. मी थँक यू म्हणायला गेले तर काका खेकसलेच माझ्यावर. "आभार कसले मानता? हे पंधरा वर्षांपूर्वी व्हायला पाहिजे होतं. चिडा! आभार मानू नका, चिडा!"

चिडायला मी त्यांच्याकडूनच शिकले. आता घरचे म्हणतात, जरा जास्तच शिकलीस.

सकाळी अकराच्या ठोक्याला काका नोटीस बोर्डापाशी उभे राहून प्रत्येक नवी नोटीस मोठ्यानं वाचायचे. "नोटीस लावली म्हणजे लोकांना कळली असं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याचं काय? ज्याला दिसत नाही त्याचं काय?" आवाज असा खणखणीत, की बाहेरचा चहावाला हातातला ग्लास घेऊन ऐकत उभा राहायचा. त्याला गावातल्या सगळ्या निविदा पाठ. शनिवारी मात्र वाचन जरा आटोपशीर, कारण उल्हासनगरहून डबाभर कुरकुरीत दालपकवान आणलेला असायचा आणि तो मऊ पडलेला काकांना चालत नसे.

आमची इमारत दोन मजली. लिफ्ट आहे, म्हणजे बसवलेली आहे. उद्घाटनाच्या दिवशी ती एकदा वर गेली आणि खाली आली, तेव्हापासून तिच्यात झाडू ठेवतात. लोकांसाठी एक व्हीलचेअरही घेतली होती. कुठे ठेवली असेल सांगा? दुसऱ्या मजल्यावर! प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कुलुपात. कारण काय, तर सामानाचं रजिस्टर दुसऱ्या मजल्यावर असतं. काकांनी हे शोधून काढलं त्या दिवशी ते चिडलेसुद्धा नाहीत. नुसते जिन्यात बसून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग स्वतः ती खुर्ची डोक्यावर घेऊन खाली आले.

आता हौसाबाईंचं सांगते. सांगताना अजून माझे कान गरम होतात.

हौसाबाई बारवीकडच्या एका डोंगरपाड्यातल्या. लहानपणापासून दोन्ही पाय लुळे. कुबड्या घेऊन स्टेशनबाहेर बसायच्या, पुढ्यात टोपली. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, करटोली, रानातलं जे मिळेल ते. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की बाकीचे टोपल्या उचलून पळायचे. हौसाबाई पळणार कशा? गाडीत टोपली नेहमी त्यांचीच जायची.

नवीन मार्केट बांधलं तेव्हा त्यात काही गाळे दिव्यांगांसाठी राखीव होते. राखीव ठेवणं भागच होतं, कायदा आहे. हौसाबाईंनी अर्ज केला. सोडत दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आणि अट अशी, की नाव पुकारल्यावर अर्जदार स्वतः हजर पाहिजे. दलाल घुसू नयेत म्हणून ही अट. हजर नसेल तर अर्ज बाद, गाळा खुल्या यादीत. काका तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर. नावं पुकारायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे. मी पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी ओ दिली नाही. मी लिहिलं, "गैरहजर." सुवाच्य अक्षरात. शाळेत अक्षराला बक्षीस मिळालेलं आहे मला.

सोडत संपली, खुर्च्या उचलायला लागलो, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी एक हात दिसला. मग दुसरा. हौसाबाई उलट्या बसून, हातांनी अंग ढकलत, एकेक पायरी चढून आल्या होत्या. चव्वेचाळीस पायऱ्या. कुबड्या खालीच ठेवलेल्या. पातळ मागून मळून काळं झालेलं. म्हणाल्या, "माझा नाव पुकारला का गं पोरी?"

मी सांगितलं, झालं मावशी, संपलं. त्या म्हणाल्या, "मी तं सकाळपासून आल्ते. खाली व्हते." आणि परत उतरायला लागल्या. आणि मी काय केलं? काही नाही. रजिस्टर कपाटात ठेवलं आणि घरी गेले.

काका काळा चष्मा लावून कामावर आले आणि पहिल्याच दिवशी ते पान काढलं. अशा गोष्टी त्यांच्या कानावर कशा जायच्या देव जाणे, बहुतेक चहावाल्याकडून. मला वाटलं, आता झाडणार. पण ते नुसतं म्हणाले, "मॅडम, हा दुसरा शनिवार, सुट्टी आहे. जुना ड्रेस घालून या."

आले. तर म्हणे, "बसा पहिल्या पायरीवर. उलट्या. आता चला वर." मी चिडले, लाजले, शेवटी बसले. नवव्या पायरीला मनगटं दुखायला लागली. पहिल्या मजल्यावर तळहाताची साल निघाली. काका शेजारून उभ्यानं चढत होते आणि नुसतं मोजत होते. वर पोचले तेव्हा मी रडत होते. दमून नाही हो, लाजेनं! काकांनी पाण्याची बाटली दिली. "पुढच्या सोडतीत दोन राखीव गाळे शिल्लक आहेत," ते म्हणाले. "शेवटचे. हौसाबाईंचा अर्ज मी परत भरून घेतलाय. या वेळी गेले तर गेले."

त्या दोन गाळ्यांना अर्जदारही दोनच. हौसाबाई, आणि वांगणीचे एक अंध गृहस्थ, खुर्च्या विणणारे. दोघं नुसते हजर असले की दोघांनाही गाळा नक्की. चिठ्ठी फक्त कोणता कोणाचा ते ठरवणार. नसले, तर दोन्ही गाळे खुले. त्यावर एका सिंधी कापडवाल्या शेठचा डोळा होता, कोपऱ्यातला गाळा त्यांच्या मनात भरलेला. ते रोज येऊन मला विचारायचे, "मॅडम, वो रिझर्व वाले इस बार भी नहीं आएंगे ना?"

काकांनी साहेबांकडे टिपणी पाठवली, सोडत तळमजल्यावर घ्यावी. कायद्याचं कलम लिहिलं, नकाशा जोडला. टिपणी परत आली, त्यावर साहेबांचा शेरा, "पुढील वेळी विचार करू." काकांनी तो शेरा तीनदा वाचला, तिसऱ्यांदा नोटीस वाचतात तसा मोठ्यानं. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. विचार त्यांनी पुढच्या वेळी करावा. काम आपण याच वेळी करू."

सोडतीच्या दिवशी सकाळी काकांनी चिठ्ठ्यांचा काचेचा डबा रीतसर सही करून ताब्यात घेतला. डब्याची जबाबदारी हेडक्लार्कचीच. आणि डबा घेऊन ते खाली आले! जिन्याखाली, जिथं मोटरसायकली लावतात तिथं, टेबल मांडलं. दोन खुर्च्या, रजिस्टर, शाईचं पॅड. मी अजून पर्मनंट नव्हते, काकांच्या रिटायरमेंटला तीन महिने. त्यांची पेन्शन अडकली असती, माझी नोकरी गेली असती.

वर हॉल भरलेला. साहेब, कमिटीची माणसं, व्यापारी. खाली आम्ही चौघं. हौसाबाई नवीन हिरवं पातळ नेसून, कुबड्या भिंतीला टेकवून. वांगणीचे गृहस्थ डोकं तिरकं करून सगळं ऐकत.

अकरा वाजले. काका उठले आणि नोटीस वाचायच्या आवाजात गरजले, "सोडत सुरू होत आहे! हौसाबाई!"

"हाय! हितंच हाय!" हौसाबाई अशा ओरडल्या की वर हॉलमध्ये शांतता झाली.

"लिहा मॅडम, हजर." मी लिहिलं. दुसरं नाव पुकारलं, त्यांनी हात वर केला. हजर. जिन्याच्या कठड्यावरून डोकी दिसायला लागली होती.

मग काकांनी मान वर केली. "सोडत अधिकारी!" साहेबांना पुकारलं हो! हुद्द्यानिशी! एकदा. दोनदा. वर कुजबुज. तिसऱ्यांदा. शिपाई धावत खाली आला, "काका, साहेब डबा घेऊन वर बोलावतायत, लई तापलेत." काका त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "लिहा. सोडत अधिकारी, गैरहजर."

माझा हात थांबला. खरं सांगते, पेन कागदावर टेकलेलं आणि पुढे सरकेना. साहेबांना गैरहजर लिहायचं, तेही त्यांचा शिपाई समोर उभा असताना?

काका खाली वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "मागच्या वेळी हात थांबला नव्हता तुमचा, मॅडम."

मी लिहिलं. ठसठशीत! मागच्यापेक्षा चांगलं अक्षर काढलं.

पहिले खाली कोण आले असतील? सिंधी शेठ! मला वाटलं भांडायला आले. ते हौसाबाईंकडे बघत राहिले, मग कुबड्यांकडे, मग वर जिन्याकडे. घाम पुसत म्हणाले, "अरे साईं, दुकान बंद करके बैठा हूं सुबह से. मेरे को डब्बा खुलना मंगता, ऊपर खुले या नीचे. चलो, सब नीचे आ जाओ!" आणि गंमत म्हणजे लोक आले. एक उतरला, मग दहा उतरले, मग अख्खा हॉल धडधडत खाली. मोटरसायकली सरकवल्या, कोणी कोणाच्या सीटवर बसलं. चहावाला ग्लास घेऊन हजरच. मला तर जत्रेत आल्यासारखं वाटत होतं!

सगळ्यांत शेवटी साहेब. चेहरा लाल. "काय तमाशा आहे हा?" त्यांनी रजिस्टर ओढून वाचलं. "गैरहजर? मी वर होतो!"

"हो साहेब," काका शांतपणे म्हणाले. "आणि मागच्या सोडतीत हौसाबाई खाली होत्या."

साहेब त्या पानाकडे बघत राहिले. तेवढ्यात वांगणीचे गृहस्थ अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब आले का? आवाज येतोय, पण मला कसं कळणार." आणि जो हशा पिकला! हौसाबाई तर तोंडाला पदर लावून हलत होत्या. मी बघत होते, साहेबांच्या ओठाचा कोपरासुद्धा हलला.

"ते खोडा," साहेब मला म्हणाले.

"खोडता येत नाही," काका म्हणाले. "पुढे लिहिता येईल. अकरा चाळीसला हजर झाले, सबब कामकाज सुरू." तसंच लिहिलं. साहेबांनी त्याखाली सही केली. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यांत हळू केलेली सही असेल.

हौसाबाईंनी डब्यात हात घातला. चिठ्ठी उघडली, कोपऱ्यातला गाळा! शेठनी कपाळावर हात मारला आणि त्याच हातानं टाळी वाजवली. हौसाबाईंनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "पोरी, हिला शटर हाय ना? मंग गाडी आली तरी मना काय करल?" मी म्हटलं, काही करू शकत नाही मावशी. कोणीच काही करू शकत नाही. आणि मला हुंदका आला, भर ऑफिसात, सगळ्यांसमोर. काका लगेच, "रडू नका, पुढचं नाव पुकारा! वेळ झालाय!"

काकांना नोटीस मिळाली, मिळणारच होती. खुलासा करा म्हणून. त्यांनी खुलाशाला त्या रजिस्टरच्या दोन्ही पानांच्या प्रती जोडल्या, माझं जुनं "गैरहजर" आणि नवं "गैरहजर". खाली एकच ओळ, "दोन्ही वेळी नियम तोच लावला आहे." त्यानंतर त्या कागदाचं पुढे काही झालं नाही. वर पाठवायचा म्हणजे दोन्ही पानं वर पाठवायची!

तीन महिन्यांनी काकांचा निरोप समारंभ. ठिकाण, दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. आमच्या ऑफिसला अक्कल येईल ती हळूहळूच येईल. शाल, श्रीफळ, केक, फुगे, सगळं मांडलं. साहेब भाषणाचा कागद घेऊन तयार. पाच वाजले, सव्वापाच झाले, काकांचा पत्ता नाही. शिपायाला पाठवलं. तो धापा टाकत वर आला आणि माझ्याकडे बघून हसायलाच लागला.

"काका खालीच बसलेत. जिन्याखाली. बोलले, माझी पाहुणी वर येऊ शकत नाही."

मी कठड्यावरून वाकून बघितलं. टेबलापाशी दोन खुर्च्या. एकीवर काका, इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात गोटी. दुसरीवर हौसाबाई, तेच हिरवं पातळ, मांडीवर पानात गुंडाळलेली शेवळांची जुडी आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला गाळ्याची किल्ली.

हॉलमध्ये सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी भाषणाची घडी केली, खिशात टाकली. केकचा खोका स्वतः उचलला आणि जिन्याकडे निघाले. माझ्या जवळून जाताना थांबले.

"मॅडम," ते म्हणाले, "रजिस्टर तेवढं आणू नका हं."

मी आणलंच. ते पान अजून आहे, कोणीही येऊन बघावं. माझ्याच अक्षरात, तारखेखाली दोनच शब्द लिहिलेत. सर्व हजर.